सोडत

सदुसष्ट साली मी सात वर्षांची.
मतदार यादीत आईचं नाव चुकलेलं,
माझं तर असणारच नव्हतं.
तरी आमच्या गटाचं शेवटचं मत मी दिलं.

मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात
पत्र्याच्या पेट्या उपड्या पडलेल्या.
शिडीला दोन हजार एकशे चौदा,
कंदिलाला दोन हजार एकशे चौदा.
तीनदा मोजलं. बाद मतं उजेडाला धरून पाहिली.
एका कागदावर शिक्का दोघांच्या बरोबर मध्ये,
कुणीतरी मनापासून दोघांनाही दिलेला.
रात्री साडेदहाला साहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाका.
लहान मूल आहे का कुणाचं?

बाप शिपाई. मी बाकाखाली झोपलेली.
उचलून टेबलावर उभी केली.
गॅसबत्ती सूं सूं करत होती,
समोर पावडरचा रिकामा डबा, आत दोन घड्या.
"काढ वं पोरी, एकच काढ."

मी काढली.
सुपडू तोताराम जिंकले.
बाहेर डफडं वाजलं, माझ्या झग्यावरही गुलाल.
निंबा उत्तम टोपी काढून तिच्यात बघत राहिले,
तिसरी चिठ्ठी तिथं असावी तसे.

पुढचं सगळं दप्तरात आहे.
सुपडूभाऊ बांधकाम समितीवर गेले,
डांबरी सडक त्यांच्या गावाकडे वळली,
मागोमाग दवाखाना, सातवीपर्यंतची शाळा.
निंबाअप्पांच्या गावची पोरं
दप्तरं डोक्यावर घेऊन अनेर उतरायची.
फरशी पूल व्हायला बारा वर्षं लागली.
त्यातल्या एका पुरात एक बाळंतीण
खाटेवरच राहिली, अलीकडच्या काठाला.
तिचं नाव मला माहीत आहे.

अप्पा पुन्हा उभे राहिले नाहीत.
माझ्या लग्नात त्यांनी पोतंभर दादर पाठवली.
दर मतदानाला शाळेच्या फाटकापाशी थांबवायचे,
बोटावरची शाई बघायचे, हसायचे:
"मनं नशीब तुन्या मूठमा व्हतं ना वं माय."
मूठ मी तेव्हा उघडीच ठेवायची.

बहात्तर झालं, एकोणऐंशी झालं,
मग तेरा वर्षं पेट्या गोदामातच.
सत्त्याण्णवला गट बायांसाठी निघाला, तोही चिठ्ठीनं.
मला उभं केलं. चिन्ह शिलाई मशीन.
एकशे सहा मतं. घरात मतदार नऊ,
आमच्या बूथवर सात.
त्या रात्री मी कुणालाच काही विचारलं नाही,
भाकरी मात्र सात जणांच्याच थापल्या.

गटाचं नाव बदललं, हद्द बदलली,
आमचं गाव एकदा या गटात, एकदा त्या,
सासुरवाशिणीसारखं.
कागद गेला, यंत्र आलं, बोट दाबलं की शिट्टी.
मग मतदानच थांबलं.
अध्यक्षांच्या दालनात प्रशासक बसले,
आणि मतदानाच्या दिवसाची वाट बघणारी माणसं
एकेक करून यादीतून कमी झाली.
अप्पाही.

एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरला नाही.
त्या संध्याकाळी कुणीतरी मला जिलेबी दिली होती,
गुळाची, रद्दीच्या कागदात.
खाऊन मी तशीच झोपले.
टेबलावर हात डब्यात घातला तेव्हा
बोटं चिकट होती.
मी चिठ्ठी निवडली नाही.
ती माझ्या बोटाला चिकटून वर आली.

जिलेबी शिडीवाल्यांची होती, की कंदीलवाल्यांची,
की बापानंच घेतलेली, दोन आण्यांची?
बापाला विचारायचं राहून गेलं. खरं तर
राहू दिलं.

परवा जिल्ह्याला आरक्षणाची सोडत झाली.
काचेची बरणी, चार कॅमेरे,
जिल्हा परिषद शाळेतला चौथीचा पोरगा.
बाह्या वर सारून त्यानं हात सगळ्यांना दाखवला,
पुढून, मागून. रिकामा.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शेवटच्या रांगेतून उठले.
शिपाई म्हणाला, मावशी, खाली बसा.
एवढंच विचारायचं होतं:
बाळा, हात धुतलेस ना?